हार्ड डिस्कचे कलम

वर्धा जिल्ह्यातील कारंजा, आष्टी आणि आर्वी या तालुक्यांत संत्र्याच्या बागा आहेत. बागवान संत्र्याचे नवे झाड कसे तयार करतो, हे तुमच्यापैकी काहींनी पाहिले असेल. आधी जंबेरीचे रोप खुंट म्हणून वाढवतात. मग चांगल्या संत्र्याच्या फांदीवरील एक डोळा काढून तो या खुंटाच्या सालीत बसवतात व पट्टीने घट्ट बांधतात. डोळा फुटतो, त्याची फांदी होते आणि फांदीचे झाड होते. मुळे जंबेरीची असतात. फळ मात्र ज्या झाडाचा डोळा, त्याच झाडाचे लागते.

अशा रीतीने एकाच झाडापासून वाढवलेल्या झाडांच्या समूहाला हर्बर्ट वेबर या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९०३ साली 'क्लोन' हे नाव सुचवले. डहाळी या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून ते त्याने घेतले होते. आज संगणक दुरुस्त करणारे कारागीरही हाच शब्द वापरतात. जुन्या हार्ड डिस्कवर जे जे आहे ते सर्व, जसेच्या तसे, नव्या हार्ड डिस्कवर उतरवणे याला ते 'डिस्क क्लोन करणे' असे म्हणतात. खुंट नवा, झाड जुनेच.

हे करण्याची गरज का पडते? एखाद्या शाळेच्या कार्यालयातील आठ-नऊ वर्षे वापरलेला संगणक डोळ्यांपुढे आणा. त्यात विद्यार्थ्यांच्या दाखल्यांच्या नोंदी आहेत, दहावीच्या मुलांचे अंतर्गत गुण आहेत, पोषण आहाराचा हिशेब आहे, शिक्षकांनी वर्षानुवर्षे तयार केलेल्या प्रश्नपत्रिका आहेत. वर्ध्याच्या मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो आणि संगणकाच्या पेटीत तो त्याहून वर असतो. एक दिवस संगणक सुरू व्हायला दहा मिनिटे घेऊ लागतो, फाइल उघडताना अडखळतो. हार्ड डिस्क थकल्याची ही खूण असू शकते. संगणक बिघडला तर दुसरा विकत आणता येतो. त्यात साठवलेली माहिती मात्र कोणत्याही दुकानात मिळत नाही. म्हणून तबकडी बंद पडण्यापूर्वीच तिचे कलम बांधले पाहिजे.

तबकडीवर माहिती कशी असते?

पहिली हार्ड डिस्क १९५६ साली आयबीएम कंपनीने 'रामॅक' नावाच्या यंत्राबरोबर बाजारात आणली. तिच्यात सुमारे ६१ सेंटिमीटर व्यासाच्या ५० तबकड्या एकावर एक बसवलेल्या होत्या. सारे धूड जवळजवळ एक टन वजनाचे होते आणि त्यात अक्षरे मावत होती ५० लाख. आज तळहातावर मावणाऱ्या ५०० गिगाबाइटच्या डिस्कमध्ये त्याच्या लाखपट अक्षरे राहतात. आकार एवढा बदलला तरी मूळ तत्त्व तेच आहे.

डबीच्या आत ॲल्युमिनियमची किंवा काचेची गुळगुळीत तबकडी असते. तिच्यावर चुंबकीय पदार्थाचा अत्यंत पातळ थर दिलेला असतो. या थराचा एकेक सूक्ष्म भाग एका किंवा दुसऱ्या दिशेने चुंबकित करता येतो, आणि त्यावरून ० किंवा १ हा द्विमान अंक नोंदला जातो. असा एक अंक म्हणजे एक बिट. आठ बिटांचा एक बाइट.

तबकडी बहुधा मिनिटाला ७,२०० फेरे या वेगाने फिरते, म्हणजे सेकंदाला १२० फेरे. एका फेऱ्याला ८.३ मिलिसेकंद लागतात. तिच्या पृष्ठभागावरून लिहिणारे-वाचणारे शीर्ष तरंगत जाते. दोहोंमधील अंतर केवळ काही नॅनोमीटर असते. माणसाच्या केसाची जाडी सुमारे ८०,००० नॅनोमीटर धरली, तर हे अंतर किती कमी आहे याची कल्पना येईल. चालू डिस्कला धक्का लागू देऊ नये, असे सांगतात ते याचसाठी.

पृष्ठभागावर एकाभोवती एक अशी असंख्य वर्तुळे कल्पिलेली असतात. प्रत्येक वर्तुळाचे छोटे छोटे कप्पे पाडलेले असतात. कप्प्याला 'सेक्टर' असे म्हणतात आणि एका सेक्टरमध्ये परंपरेने ५१२ बाइट मावतात. या सर्व सेक्टरांना शून्यापासून ओळीने क्रमांक दिलेले असतात. संगणकाच्या दृष्टीने हार्ड डिस्क म्हणजे क्रमांक घातलेल्या कप्प्यांची एक लांबच लांब रांग होय. ही गोष्ट लक्षात ठेवा. पुढील सारे विवेचन तिच्यावर आधारलेले आहे.

फाइलींची प्रत पुरेशी का नाही?

तुम्ही म्हणाल, 'सगळ्या फाइली निवडून नव्या डिस्कवर उतरवल्या की काम झाले!' करून पाहिले तर फाइली नव्या डिस्कवर दिसतीलही, पण तीच डिस्क जुनीच्या जागी बसवली तर संगणक सुरू होणार नाही. असे का व्हावे?

शाळेच्या ग्रंथालयाचे उदाहरण घेऊ. तुम्ही सगळी पुस्तके उचलून दुसऱ्या खोलीत नेऊन ठेवलीत, पण दाखल नोंदवही, कपाटांचे क्रमांक आणि दारावरील सूचना जुन्याच खोलीत राहिल्या. पुस्तके सगळी आहेत, ग्रंथालय मात्र नाही. नवा ग्रंथपाल दारातच अडेल.

डिस्कवरही फाइलींखेरीज अशी पुष्कळ सामग्री असते. जुन्या पद्धतीच्या डिस्कवर क्रमांक ० चा सेक्टर सर्वांत महत्त्वाचा. त्याच्या ५१२ बाइटांपैकी पहिल्या ४४६ बाइटांत संगणकाला जागे करणारी छोटी आज्ञावली असते. पुढच्या ६४ बाइटांत डिस्कचे विभाग कोठे सुरू होतात व केवढे आहेत याचा तक्ता असतो; १६ बाइटांची एक अशा चार नोंदी. शेवटच्या दोन बाइटांत ठरावीक खूण असते. ती सापडली नाही तर संगणक हा सेक्टर आरंभाचा म्हणून मानीतच नाही. बेरीज करून पाहा: ४४६ + ६४ + २ = ५१२.

हा सेक्टर फाइल नाही. त्याला नाव नाही, तो कोणत्याही यादीत दिसत नाही. म्हणून फाइलींची प्रत काढताना तो मागे राहतो. क्लोन करणारी आज्ञावली मात्र फाइलींकडे पाहतच नाही. ती सेक्टर ० वाचते व नव्या डिस्कच्या सेक्टर ० मध्ये लिहिते. सेक्टर १ वाचते, सेक्टर १ मध्ये लिहिते. आणि असे शेवटपर्यंत. आत गुणपत्रिका आहे की चित्र, हे तिला ठाऊक नसते. ठाऊक असण्याची गरजही नसते. युनिक्स प्रणालीतील 'डीडी' ही आज्ञा हेच काम १९७०च्या दशकापासून करीत आली आहे.

तैवानमधील संगणक केंद्राने तयार केलेली 'क्लोनझिला' ही मोफत आज्ञावली थोडी चतुर आहे. ती विभागाची अंतर्गत यादी वाचते व वापरात असलेलेच कप्पे उतरवते. डिस्क अर्धी रिकामी असेल तर वेळही जवळजवळ अर्धाच लागतो.

वेळेचे गणित

५०० गिगाबाइट म्हणून विकल्या जाणाऱ्या बहुतेक डिस्कवर ९७,६७,७३,१६८ सेक्टर असतात. प्रत्येकी ५१२ बाइट धरून एकूण ५,००,१०,७८,६२,०१६ बाइट होतात. संगणक हीच डिस्क ४६५ गिगाबाइटची दाखवतो, तेव्हा दुकानदाराने फसवले असे पुष्कळांना वाटते. वास्तविक तसे नसते. उत्पादक एक गिगाबाइट म्हणजे १०० कोटी बाइट मानतो, तर संगणकाचा पडदा २ चा ३० वा घात, म्हणजे १,०७,३७,४१,८२४ बाइट मानतो. भागाकार करून पाहा.

डिस्क ओळीने वाचताना सेकंदाला १०० मेगाबाइटचा वेग मिळाला, तर सुमारे ५,००० सेकंद, म्हणजे ८३ मिनिटे लागतील. हाच मार्ग जुन्या यूएसबी २ जोडणीतून असला आणि प्रत्यक्ष वेग ३५ मेगाबाइट पडला, तर जवळजवळ चार तास लागतील. म्हणून वीज जाण्याचा संभव असेल तर बॅटरीची सोय आधी करावी. उन्हाळा असेल तर काम सकाळी हाती घ्यावे व डिस्कवर पंख्याचा वारा ठेवावा. कारण तासन्‌तास सतत वाचताना डिस्क एरवीपेक्षा अधिक तापते.

फाइली एकेक करून उतरवायच्या तर काय होईल? समजा, डिस्कवर तीन लाख लहान फाइली आहेत. प्रत्येकीसाठी शीर्षाला योग्य वर्तुळावर जावे लागते आणि हवा तो सेक्टर फिरत येईपर्यंत थांबावे लागते. सरासरीने अर्धा फेरा, म्हणजे ४.२ मिलिसेकंद, नुसते वाट पाहण्यात जातात. जाणे व थांबणे मिळून १२ मिलिसेकंद धरले तर ३,००,००० × ०.०१२ = ३,६०० सेकंद. एक पुरा तास नुसत्या येरझाऱ्यांत खर्च झाला! सेक्टर ओळीने वाचताना ही धावपळ वाचते.

खुंट केवढा हवा?

नवी डिस्क जुनीएवढी किंवा तिच्याहून मोठी हवी, हे उघड आहे. पण नावावर विसंबू नये, सेक्टर मोजावेत. पुष्कळदा ५०० गिगाबाइटच्या जागी ४८० गिगाबाइटची नवी डिस्क आणली जाते. तिच्यावर ९३,७७,०३,०८८ सेक्टर असतात, म्हणजे सुमारे ३ कोटी ९१ लाख कमी. जुनी डिस्क अर्धी रिकामी असली तरी सरळ नक्कल येथे शेवटी अडते. आधी जुन्या डिस्कवरील विभाग आकुंचित करावा लागतो.

नवी डिस्क फार मोठी असेल तर वेगळा प्रश्न येतो. जुन्या तक्त्यात सेक्टरची संख्या ३२ बिटांत लिहिलेली असते. त्यामुळे २ चा ३२ वा घात गुणिले ५१२, म्हणजे सुमारे २.२ टेराबाइट, यापुढची जागा त्याला सांगताच येत नाही. नव्या पद्धतीच्या 'जीपीटी' तक्त्याला ही अडचण नाही. शिवाय तो आपली एक प्रत डिस्कच्या अगदी शेवटी ठेवतो. मात्र अशी डिस्क मोठ्या डिस्कवर उतरवली की शेवटची प्रत मध्येच कोठेतरी पडते. ती उचलून नव्या शेवटाला न्यावी लागते. चांगल्या आज्ञावल्या हे काम विचारून किंवा आपोआप करतात.

आणखी एक बारकावा. जुन्या डिस्कवरील पहिला विभाग पुष्कळदा ६३ क्रमांकाच्या सेक्टरपासून सुरू होत असे. आजच्या बहुतेक डिस्क आतून ४,०९६ बाइटांचे मोठे कप्पे वापरतात. ६३ × ५१२ = ३२,२५६, आणि या संख्येला ४,०९६ ने नि:शेष भाग जात नाही. परिणामी प्रत्येक लहान नोंद दोन मोठ्या कप्प्यांच्या सीमेवर पडू शकते व एका लिहिण्याच्या जागी दोनदा लिहावे लागते. आज विभाग २,०४८ व्या सेक्टरपासून सुरू करतात. नक्कल तंतोतंत असली की जुना दोषही तंतोतंत येतो, याचे हे चांगले उदाहरण आहे. संगणकाला विषाणूची बाधा असेल तर तीही अशीच येते.

प्रत्यक्ष रीत

आता कामाचा क्रम पाहू.

१. दोन्ही डिस्कवरील उत्पादकाचे नाव, नमुना व अनुक्रमांक कागदावर लिहून घ्यावा. 'मूळ' आणि 'नवी' अशा चिठ्ठ्या चिकटवाव्यात.

२. डिस्क स्वतःच्या प्रकृतीची नोंद ठेवते. किती सेक्टर खराब झाले व त्यांच्या जागी राखीव सेक्टर वापरावे लागले, हे त्या नोंदीत असते. ती आधी पाहावी.

३. संगणक जुन्या डिस्कवरून सुरू करू नये; पेनड्राइव्हवरील वेगळ्या प्रणालीवरून सुरू करावा. चालू प्रणाली क्षणोक्षणी डिस्कवर काहीतरी लिहीत असते. हिंगणघाटच्या कापूस बाजारात गाड्या आत-बाहेर जात असताना गाठी मोजायला बसलात तर मोजणी जुळेल काय? तसेच हे आहे.

४. मूळ कोणती व नवी कोणती, हे आज्ञावलीला सांगताना अनुक्रमांक ताडून पाहावा, आणि दुसऱ्या व्यक्तीकडूनही पाहून घ्यावा. येथे अदलाबदल झाली तर कोरी डिस्क भरलेल्या डिस्कवर उतरेल आणि वाचवायला निघालेली माहिती आपल्याच हाताने पुसली जाईल. या साऱ्या कामातील सर्वांत मोठा धोका यंत्राचा नाही, घाईचा आहे.

५. नक्कल पूर्ण झाल्यावर ती पडताळावी. ते कसे, हे पुढे येईल.

६. संगणक बंद करून जुनी डिस्क काढावी, तिच्या जागी नवी बसवावी आणि मगच सुरू करावा. दोन्ही डिस्कवर ओळख-क्रमांक एकच असतो. एकाच वर्गात एकाच हजेरी क्रमांकाची दोन मुले बसली तर गुरुजींचा जसा गोंधळ होईल, तसा दोन्ही एकदम जोडल्यास प्रणालीचा होतो.

७. जुनी डिस्क काही आठवडे तशीच, हात न लावता, जपून ठेवावी.

माहिती कुलूपबंद केलेली, म्हणजे सांकेतिक रूपात साठवलेली असेल, तर सरळ नक्कल तिच्या कुलपासकट येते. तेव्हा किल्ली म्हणजे परवलीचा लांब क्रमांक आधी हाती आहे ना, हे पाहावे.

डिस्क आजारी असेल तर

खराब सेक्टर लागला की डिस्क तो पुन्हा पुन्हा वाचण्याचा प्रयत्न करते. एकेका सेक्टरवर अनेक सेकंद जातात, आणि या झटापटीत शीर्ष व पृष्ठभाग अधिक झिजू शकतात. साधी आज्ञावली तर पहिल्याच चुकीला थांबते. अशा वेळी 'डीडीरेस्क्यू' नावाची आज्ञावली उपयोगी पडते. तिची युक्ती वर्ध्याच्या शेतकऱ्याला सहज पटेल.

कापूस वेचताना आपण पहिल्या वेच्यात पूर्ण उमललेली बोंडे घेतो. अर्धवट फुटलेल्या बोंडाशी झटत बसत नाही. ती दुसऱ्या, तिसऱ्या वेच्याला ठेवतो. ही आज्ञावलीही पहिल्या खेपेस सहज वाचता येणारे सेक्टर उचलते. जेथे अडखळेल तो भाग सोडून पुढे जाते व सोडलेल्या जागांची वही ठेवते. दुसऱ्या खेपेस त्या जागांच्या कडा कुरतडत आत शिरते. वीज गेली तरी वहीवरून काम पुढे चालू करता येते. अशा रीतीने बहुतेक माहिती डिस्क जिवंत असतानाच हाती लागते.

शेवटचे चार-दोन सेक्टर मिळवण्याचा हट्ट कितपत धरावा? फरदडीचा लोभ धरून कपाशी फार दिवस उभी ठेवली की गुलाबी बोंडअळीला आसरा मिळतो, हे शेतकरी जाणतात. मरू घातलेल्या डिस्कला तासन्‌तास राबवण्यातही असेच नुकसान असते. अगोदर मिळाले ते सुरक्षित करावे. डिस्कमधून टक-टक किंवा घासल्याचा आवाज येत असेल तर ताबडतोब वीज बंद करावी. हे काम मग घरचे राहत नाही, तज्ज्ञाचे होते. डबी मात्र कधीही उघडू नये. धुळीचा एक कणही शीर्षाखालील फटीपेक्षा कितीतरी मोठा असतो.

अस्सल बरहुकूम नक्कल

जुन्या कागदपत्रांच्या प्रतीवर कारकून 'अस्सल बरहुकूम नक्कल' असा शेरा मारीत. प्रत मुळाशी अक्षरश: जुळते, असा त्याचा अर्थ. हा शेरा ताडून पाहिल्यावरच मारायचा असे. मराठी वाङ्मयाच्या इतिहासात याचे फार मोठे उदाहरण आहे. ज्ञानेश्वरीच्या हस्तलिखितांत नकला करता करता पाठभेद व चुका शिरल्या होत्या. संत एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, निरनिराळ्या प्रती ताडून शुद्ध प्रत सिद्ध केली, आणि कोणी आपली ओवी तीत घालू नये अशी ताकीदही देऊन ठेवली.

दुसरे उदाहरण सेवाग्रामशी जोडलेले आहे. गांधीजी १९३६ साली शेगाव येथे राहायला आले. १९४० साली त्या गावाचे नाव सेवाग्राम झाले. तेथून त्यांनी लिहिलेली असंख्य पत्रे त्यांच्या समग्र वाङ्मयाच्या इंग्रजी खंडांत आहेत. हे १०० खंड भारत सरकारच्या प्रकाशन विभागाने १९५८ ते १९९४ या काळात प्रसिद्ध केले. पुढे त्यांची सुधारित आवृत्ती व सीडी तयार झाली. अभ्यासकांनी ती मूळ खंडांशी ताडली तेव्हा कित्येक नोंदी गळल्याचे व क्रम बदलल्याचे आढळले. ती आवृत्ती २००५ साली मागे घेण्यात आली, आणि नंतर मूळ खंडांवरूनच नवी इलेक्ट्रॉनिक प्रत गुजरात विद्यापीठाच्या साहाय्याने सिद्ध झाली. मूळ छापील खंड लोकांच्या कपाटांत होते म्हणूनच हे शक्य झाले. नवी प्रत आली म्हणून त्यांनी जुनी रद्दीत घातली असती, तर ताडायचे कशाशी?

हार्ड डिस्कवरील जवळजवळ ९८ कोटी सेक्टर डोळ्यांनी ताडणे शक्य नाही. वायर सैल असणे, जोडणीत दोष असणे, संगणकाच्या स्मृतीत बिघाड असणे अशा कारणांनी वाटेत एखादा बिट पालटू शकतो. तो कसा पकडायचा? याची मूळ कल्पना तुम्हाला वहीवर करून पाहता येईल.

करून पाहा

१९३७ सालच्या ऑक्टोबरात वर्ध्याला जी शिक्षण परिषद भरली, तिच्यातून नई तालीमची कल्पना पुढे आली. हाताने करावे व करता करता शिकावे, हे तिचे सूत्र. तेव्हा पेन्सिल हाती घ्या आणि पुढील चार ओळी मांडा:

१ ० १ १
० ० १ ०
१ १ ० ०
० १ १ १

प्रत्येक आडव्या ओळीतील १ मोजा. संख्या विषम असेल तर ओळीच्या शेवटी १ लिहा, सम असेल तर ० लिहा. उत्तरे वरून खाली १, १, ०, १ अशी येतील. उभ्या रांगांसाठीही तेच करा. उत्तरे डावीकडून ०, ०, १, ० येतील.

आता मित्राला सांगा, 'मी पाठमोरा होतो, तू मधला कोणताही एक अंक पालट.' नंतर पुन्हा मोजा. एकच आडवी ओळ आणि एकच उभी रांग चुकलेली सापडेल. दोन्ही जेथे छेदतात तेथे पालटलेला अंक आहे. चूक नुसती कळली असे नाही, ती दुरुस्तही करता आली! चूक ओळखून सुधारणाऱ्या अशा संकेतांचा पाया रिचर्ड हॅमिंग याने १९५० साली प्रसिद्ध केलेल्या लेखाने घातला. राजचंद्र बोस आणि द्विजेंद्र कुमार राय-चौधुरी या दोन भारतीय गणितज्ञांनी १९६० साली फार समर्थ संकेत मांडले. फ्रान्समधील होकेंगेम यानेही ते १९५९ साली स्वतंत्रपणे शोधले होते. तिघांच्या आद्याक्षरांवरून 'बीसीएच' हे नाव पडले. फ्लॅश स्मृतीवर चालणाऱ्या साठवणींत या संकेतांचा पुष्कळ उपयोग झाला आहे.

आता मित्राला एका आयताच्या चार कोपऱ्यांवरील चारही अंक पालटायला सांगा. पुन्हा मोजा. सर्व उत्तरे जुळतील आणि चूक सुटून जाईल. म्हणजे खूण जितकी साधी, तितकी ती फसण्याचा संभव अधिक.

म्हणून डिस्क पडताळण्यासाठी 'शा-२५६' यासारखी रीत वापरतात. सगळे बाइट ठरावीक गणिती चक्कीतून जातात आणि शेवटी ६४ चिन्हांचा एक ठसा मिळतो. मुळात एक बिट जरी पालटला तरी ठसा ओळखू येणार नाही इतका बदलतो. निरनिराळे ठसे २ चा २५६ वा घात इतके संभवतात. ही संख्या ७८ अंकी आहे. दोन डिस्कचे ठसे जुळले तर नक्कल बरहुकूम आहे असे मानायला हरकत नाही.

ठसा घेताना दोन गोष्टी पाळाव्यात. नवी डिस्क मोठी असेल तर तिच्यावरील जुनीएवढ्याच सेक्टरांचा ठसा घ्यावा. उरलेली जागा मोजली तर ठसे जुळणार नाहीत. आणि ठसा डिस्क वापरू लागण्यापूर्वीच घ्यावा. एकदा संगणक तिच्यावरून सुरू झाला की काही सेक्टर बदलतात. तसेच वापरलेले कप्पेच उतरवण्याची रीत निवडली असेल, तर रिकामे कप्पे जुळणार नाहीत. तेथे फाइलींचे ठसे ताडावे लागतात.

नक्कल आणि राखीव प्रत

क्लोन म्हणजे ज्या क्षणी काढला त्या क्षणाचे चित्र होय. आज काढलेल्या क्लोनमध्ये उद्याचे गुण नसतात. म्हणून रोजच्या कामाची राखीव प्रत वेगळी, आणि शक्यतो वेगळ्या इमारतीत ठेवली पाहिजे. दोन्ही प्रती एकाच कपाटात ठेवल्या तर एकाच आगीत किंवा एकाच चोरीत दोन्ही जातील.

आज नवी डिस्क म्हणून पुष्कळदा 'एसएसडी' बसवतात. तिच्यात फिरणारे काही नसते. विद्युतभार अडकवून ठेवणाऱ्या सूक्ष्म पेशींत माहिती राहते. शीर्षाला येरझाऱ्या नाहीत, त्यामुळे जुना संगणकही चपळ होतो. क्लोन करण्याची रीत तीच राहते, कारण क्रमांक घातलेल्या कप्प्यांची रांग येथेही तशीच असते.

शेवटी जुन्या डिस्कविषयी. फाइल पुसली म्हणजे बहुधा यादीतील तिचे नाव खोडले जाते; कप्प्यांतील मजकूर त्यावर दुसरे काही लिहिले जाईपर्यंत तसाच असतो. त्यामुळे भंगारात दिलेल्या डिस्कमधून शाळेतील मुलांची नावे, पत्ते व आधार क्रमांक परक्याच्या हाती पडू शकतात. नवी डिस्क महिनाभर नीट चालली, राखीव प्रतही तयार झाली, की मगच जुनीच्या प्रत्येक सेक्टरवर शून्य लिहून ती कोरी करावी. तोपर्यंत अस्सल हातचे सोडू नये.

शिक्षकांसाठी : हा प्रयोग कार्यालयाच्या डिस्कवर प्रथम करू नये. दोन जुने पेनड्राइव्ह घ्यावेत. एकावर चार-पाच चित्रे ठेवावीत, दुसरा सेक्टर मोजून निवडावा आणि विद्यार्थ्यांकडून नक्कल व पडताळणी करवून घ्यावी. अनुक्रमांक ताडण्याचे काम दोन विद्यार्थ्यांनी स्वतंत्रपणे करावे.

स्वाध्याय

१. २५० गिगाबाइटची डिस्क सेकंदाला ५० मेगाबाइट वेगाने वाचली तर किती वेळ लागेल?
२. मिनिटाला ५,४०० फेरे घेणाऱ्या डिस्कला अर्ध्या फेऱ्यास किती मिलिसेकंद लागतात?
३. २,०४८ व्या सेक्टरपासून सुरू होणारा विभाग ४,०९६ बाइटांच्या कप्प्याच्या सीमेवर बरोबर बसतो, हे दाखवा.
४. वरील तक्त्यात एकाच आडव्या ओळीतील दोन अंक पालटले तर काय कळेल व काय कळणार नाही?

उत्तरे : (१) ५,००० सेकंद, म्हणजे ८३ मिनिटे २० सेकंद. (२) सुमारे ५.६. (३) २,०४८ × ५१२ = १०,४८,५७६; यास ४,०९६ ने भागल्यास २५६ येतात, बाकी शून्य. (४) दोन उभ्या रांगा चुकलेल्या दिसतील, म्हणजे चूक झाल्याचे कळेल. पण ती कोणत्या आडव्या ओळीत आहे, हे कळणार नाही.